सातवीतला पोरगा शाळेच्या कोणत्याच मंडळात नाव देत नाही. ढकलू की राहू देऊ?

दर्यापूरकडची आशाताई

नमस्कार. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात मी आशा आहे. घरी कोरडवाहू शेती, दोन म्हशी, सासूबाई आणि आम्ही तिघं. पोरगा यंदा सातवीत गेला. गावातली जिल्हा परिषदेची शाळा पाचवीपर्यंतच आहे, म्हणून तो बाजूच्या मोठ्या गावातल्या हायस्कुलात एसटीनं जातो.

शाळेनं सहावी ते आठवीच्या मुलांजवळ एक कागद पाठवला. स्काऊट, हरित सेना, विज्ञान मंडळ, लेझीम पथक, कबड्डी. यातलं एक किंवा दोन निवडा आणि पालकाची सही आणा. वेळ मंगळवारी आणि गुरुवारी, शाळा सुटल्यावर. पोरानं कागद माझ्यासमोर ठेवला अन् म्हणाला, "नुसती सही कर. मले कशातच नाव नाई द्यायचं."

काऊन रे? तर म्हणे, "असंच."

त्याचे बाबा म्हणतात, नाही म्हणते ना तो, मंग विषय संपला. पुढच्या वर्षी एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, तिकडं लक्ष देऊ द्या. सासूबाईंचं म्हणणं, शाळा शिकायसाठी असते, लेझीम खेळायला गणपती आहेत की. माझं मत अजून बनलंच नाही. पण एक गोष्ट खटकली ती सांगते. कागदावर विज्ञान मंडळाच्या पुढच्या चौकोनात पेन्सिलीनं खूण करून ती खोडलेली आहे. बाकी चारही चौकोन कोरे करकरीत, आणि तेवढाच घासून घासून खरबरीत झालेला.

पोरगा बोलका नाही. वर्गात मधल्या नंबरात असतो. पण हात सारखे कशात ना कशात गुंतलेले. फवारणीचा बॅटरीपंप चार्ज होईना, तर यानं तो उघडून सुटलेली वायर जोडली. बाबा आधी ओरडले आणि दुसऱ्या दिवशी तोच पंप पाठीवर घेऊन वावरात गेले. ग्रामपंचायतीत जलजीवन मिशनची पाणी तपासायची किट आहे, गावातल्या आम्हा पाच बायांना तिचं प्रशिक्षण मिळालं. मी नमुने घ्यायला निघाले की हा मागं मागं. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, प्यायला शहानूर धरणाचं नळानं येतं. नळाच्या पाण्यात ओटी नावाच्या औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं, तेवढं पाहायला हा लहानपणापासून माझ्यासोबत दारोदार फिरला आहे. अशा पोराला विज्ञान मंडळ नको आहे, हे माझ्या मनाला पटत नाही.

आता अडचण. शाळा पाचला सुटते, आमची गाडी सव्वापाचला. ती गेली की पुढची साडेसातची, ती पण आली तर. मधात काळीपिवळी असते, पण ती भरल्याशिवाय जागची हलत नाही. फाट्यावरून गाव दीड किलोमीटर आत, आणि पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीच्या रस्त्यावर चप्पल हातात घ्यावी लागते. (शकुंतला रेल्वे आठवून कोणी हळहळू नका, ती चालू होती तेव्हाही आमच्या गावात थांबत नव्हती.)

तर पोराला थोडं ढकलावं की त्याचं "नाही" मानावं? आणि या मंडळांतून मुलांना खरंच काही मिळतं का, की नुसते फोटो? शनिवारपर्यंत कागद परत द्यायचा आहे.

निवृत्त गाईड कॅप्टन, चांदूर रेल्वे

आशाताई, मी वर्धा आणि अमरावतीकडच्या शाळांत शिकवलं, गाईडचं पथकही चालवलं. त्या खोडलेल्या खुणेवर तुमची नजर गेली हे फार बरं झालं.

खेड्यातलं पोर "आवडत नाही" म्हणून क्वचितच नाही म्हणतं. ते नाही म्हणतं बहुधा घरचा हिशोब करून, आणि तो हिशोब ते कोणाला दाखवत नाही. माझ्या पथकात एक मुलगी यायला तयार नव्हती. का, तर म्हणे दोरीच्या गाठी मारायला जमत नाही. खरं कारण गणवेशाचा खर्च होता. आईपुढं पैशाची गोष्ट काढायची नाही म्हणून तिनं ते गाठींवर ढकललं होतं. मोठ्या मुलीचा जुना गणवेश तिच्या मापाचा करून दिला आणि ती आली.

म्हणून त्याला समोर बसवून "जायचं की नाही, एकदाचं सांग" असं विचारू नका. त्यानं ते उत्तर आधीच देऊन ठेवलं आहे. कामात असताना विचारा, दोघांचे हात कशात तरी असताना. आणि एकच मोठा प्रश्न न करता मोडून मोडून विचारा. गाडीची सोय झाली तर? तुझे मित्र कुठं गेले? सर काही सामान आणायला लावतात का? कुठंतरी तो अडखळेल, कारण तिथं आहे. सगळ्यालाच सरळ "नाही" आलं तर त्याचं "नाही" खरं. मग निवांत सही करा. सातवीत कुठल्या मंडळात नसल्यानं कोणाचं काही अडलेलं मी पाहिलं नाही.

दुसरं म्हणजे शाळेत एक चक्कर मारा. कागदावर पाच नावं आहेत म्हणून पाचही चालू असतील असं नाही. हरित सेनेचंच घ्या. केंद्राची योजना २००१-०२ पासूनची, कल्पना चांगली. पण शिक्षकाला रस नसेल तर जुलैत रोपं लावायची, फोटो वर पाठवायचा आणि पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपं. स्काऊटचंही तसंच आहे. चालवणारा भेटला तर मूल प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय असं चढत राज्य पुरस्काराच्या तयारीला लागतं, तंबू ठोकतं, खरी कमाईत, म्हणजे स्वतः कष्ट करून पैसे मिळवायच्या उपक्रमात, भजी तळून पै-पैचा हिशोब मांडतं. नाही भेटला तर १५ ऑगस्टला गळ्यात स्कार्फ बांधून पाहुण्यांच्या वाटेवर उभं राहतं.

सरांना एकच विचारा, मागच्या वर्षी मुलांनी आपल्या हातानं काय केलं? जे सर कपाटातून वही काढतील त्यांच्याकडं पाठवा. "विविध उपक्रम राबवले" असं म्हणणाऱ्यांना नमस्कार करून निघा.

आणि घेतलंच तर एक घ्या, तेही दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. नंतर सोडलं तर घरात कोणी टोमणा मारणार नाही, हे आजच ठरवा. आजीसकट.

कास्तकार, मंगरूळपीर

आशाताई, मी साफ सांगतो, राग मानू नका. पहिले एनएमएमएस.

माह्या मोठ्या पोरीले भेटली ते शिष्यवृत्ती. नववीपासून बारावीपर्यंत सालाचे १२ हजार, तिच्या खात्यात. कास्तकाराच्या घरी एवढे नगदी सालोसाल कोण आणून देते? सोयाबीन देते का? परीक्षा आठवीत होते, पण तिची जड सातवीत आहे. दोन पेपर, ९०-९० प्रश्नायचे. एक बुद्धीचा, एक शाळेच्या अभ्यासाचा, अन् त्या दुसऱ्यात सातवीचंही इचारतात. सातवीत ५५ टक्के नसन तं फॉर्मच भरता येत नाई, एससी-एसटीच्या पोरायले पाच टक्क्यांची सूट आहे. उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पायजे, अन् शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची नाई तं अनुदानित. म्हणजे सातवीचं साल मोकळं आहे असं समजू नका. तुमच्या मालकाचं म्हणनं बरोबर आहे.

लेझीमचं म्हणाल तं १५ ऑगस्ट अन् २६ जानेवारी आली का पोट्टे पंधरा-पंधरा दिवस वर्ग सोडून मैदानात. कबड्डीले मी नाव ठेवत नाई. ज्याच्या आंगात आहे त्यानं खेळावं, १४ वर्षांखालच्या गटातून तालुका, जिल्हा, विभाग असं वर जाता येते. पण तुमचं पोरगं पंप उघडनारं आहे. त्याले कायले मैदानात ढकलता?

विज्ञान मंडळ मातर चालते. ते अभ्यासाले आडवं येत नाई. अन् एक गोष्ट इचारून घ्या, शाळा इन्स्पायर अवॉर्डले पोरायच्या कल्पना पाठवते का? सहावीपासूनच्या पोरायले चालते. निवड झाली तं मॉडेल बनवाले १० हजार पोराच्या खात्यात जमा होतात. आमच्या इकडं एका शाळेनं तारीख गेल्यावर पोरायले इचारलं, "काई सुचलं का?" असे नमुने आहेत बाप्पा.

राह्यली गाडी. काळीपिवळीनं येऊ द्या, पण फाट्यावर घ्याले कोनीतरी जा.

आर्णीची, सध्या यवतमाळ

काका, लेझीमला इतकं टाकून बोलू नका हो. पण असू द्या.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे सातवी माझ्यासाठी फार जुनी गोष्ट नाही. मला तेव्हा कोणी विचारलंच नव्हतं. खो-खोला मुली कमी पडत होत्या म्हणून तिथं नाव टाकलं. लेझीमला उंचीची रांग लावायची होती म्हणून तिथं. आणि अक्षर बरं म्हणून हरित सेनेची वही माझ्याकडं. तिन्हीकडं मी होते, तिन्हीकडं दुसऱ्याची गरज भागवायला होते. त्यातला खो-खो आवडला हा माझ्या नशिबाचा भाग. त्याच्यामुळं पहिल्यांदा आईबाबांशिवाय यवतमाळला आले, जिल्ह्याच्या मैदानावर अनोळखी पोरींबरोबर डबा खाल्ला, पहिल्याच सामन्यात हरलो आणि परतीच्या गाडीत गाणी म्हणत आलो. पुढं होस्टेलला राहायची वेळ आली तेव्हा घरचे घाबरले, मी नाही. ९० प्रश्नांच्या पेपरात हे येत नाही, काका.

पण आवडायला हवं ते मुलाला. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि माझ्या मामांनी त्याच आठवड्यात मामेभावाला पट आणून दिला. तो त्या पटावर चिंचोके खेळतो. चांगला खेळतो.

काकू, तुमच्या जागी मुलीची आई असती तर अंधाराची गोष्ट पहिल्याच ओळीत आली असती. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे, पण सराव संपल्यावर गाडीच नसेल तर पास काय दाखवायचा? आमच्या गावच्या दोन मुलींनी याच्यामुळं खो-खो सोडला, आणि शाळेनं लिहिलं "आवड नाही". म्हणून मी म्हणते, तुमचं पोर त्या वेळेत बसवायच्या आधी ती वेळ हलते का पाहा. शनिवारी सकाळची शाळा असते. पहिली ते आठवीला आता आनंददायी शनिवार पण आहे, त्यात अशाच गोष्टी करायच्या असतात. मंडळ शनिवारी भरवा म्हणा. फक्त एकट्या जाऊ नका. एकट्या बाईला "बघू" म्हणतात. तुमच्या रस्त्यावरची आणखी गावं असतील, तिथल्या आयांना घेऊन जा.

दर्यापूरकडची आशाताई

सगळ्यांचे आभार. झालं ते सांगते.

परवा संध्याकाळी म्हशी धुताना विचारलं, मॅडमनी सांगितलं तसं मोडून मोडून. गाडीचं काढलं, तर "काळीपिवळीनं येता येते ना." मित्रांचं काढलं, तर दोघं विज्ञान मंडळातच. सामानाचं काढलं, तर "सामान शाळेतच आहे." कुठंच अडखळेना. मला वाटलं, खरंच नको असेल याला. मग बादली उचलता उचलता तोच म्हणाला, "सातला घरी आलो तं धार कोन काढन? तुले यायले उशीर होते. आजीच्यानं होत नाई. अन् बाबांची कंबर."

उन्हाळ्यात यांची कंबर धरली होती तेव्हा संध्याकाळच्या धारेला हा बसला. तेव्हापासून बसतोच आहे. ते काम आता तुझं, असं त्याला घरात कोणी म्हटलेलं नाही. तसं परत घेतो, असंही कोणी म्हटलं नाही.

यांना सांगितलं तर काही बोलले नाहीत. रात्री जेवताना पोराकडं न पाहता म्हणाले, "सोमवारपासून धारेले मी बसतो. कंबर बरी आहे आता." तेवढी काही बरी नाही, पण मी मधात बोलले नाही.

काल शनिवारी शाळेत गेलो, आमच्या रस्त्यावरच्या गावांतल्या चार जणी. विज्ञानाच्या सरांनी खरोखर कपाटातून वही काढली. मुलांनी शाळेच्या बोअरचं पाणी तपासलेलं, कपाशीचं बोंड चिरून गुलाबी बोंडअळी भिंगाखाली पाहून तिची चित्रं काढलेली. काही चित्रं अशी की अळी आहे की गाजर ते सरांनाही सांगता येईना. वेळेचं बोललो. मुख्याध्यापक आधी "बघू"च म्हणाले (आर्णीच्या पोरी, तुझी आठवण झाली), पण चौघी बसून राहिलो. विज्ञान मंडळ शनिवारी शाळा सुटल्यावर घ्यायचं कबूल केलं, दुपारच्या गाडीच्या आत. कबड्डीच्या सरांनी नाही म्हटलं. आठवड्यातून एकदा खेळून संघ बनत नाही म्हणाले, आणि त्यांचंही खोटं नाही. त्यामुळं कबड्डीला नाव दिलेल्या एका पोराच्या आईचा प्रश्न तसाच राहिला. ती आमच्याबरोबर आली, आमचं काम झालं आणि तिचं नाही. पुढच्या आठवड्यात आगारात अर्ज द्यायला मी तिच्यासोबत जाणार आहे, सव्वापाचची गाडी सहाला करता येते का म्हणून.

पोरगा दिवाळीपर्यंत जातो म्हणाला. इन्स्पायरचं सरांना विचारलं, शाळा नावं पाठवते. मंगरूळपीरचे भाऊ, एनएमएमएसचं पुस्तक पण आणलं. यांना तेवढं तरी पाहिजे होतं. सासूबाईंना टोमण्याचं सांगितलं आहे, पण त्यांची हमी मी घेत नाही.

आता नवीन काम. सरांनी प्रत्येकाला आपापला एक प्रश्न आणायला सांगितला. याला गावातल्या विहिरींचं पाणी मोजायचं आहे, पावसाळ्यात किती खारं आणि पावसाळा गेल्यावर किती. आमच्या किटमध्ये क्लोराइड, कठीणपणा वगैरे निघतं, पण याला टीडीएस मीटर पाहिजे, पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं. दर्यापूरला कुठं मिळेल, की ऑनलाइनच मागवावं?

कास्तकार, मंगरूळपीर

आरओ मशीन बसवनाऱ्याजवळ राह्यते, पेनासारखं. त्याले म्हना पोराच्या शाळेसाठी पायजे, जुनं असन तं तसंच देऊन टाकते. पहिले नळाचं पानी मोजाले सांगा, मंग विहिरीचं. फरक पाहूनच पोट्टं पागल होते.

निवृत्त गाईड कॅप्टन, चांदूर रेल्वे

दोन गोष्टी त्याला आधीच सांगा. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण ते मीटर पाण्यात विरघळलेले क्षार किती याचाच अंदाज देतं. जंतू आहेत का, फ्लोराइड किती, हे त्याला कळत नाही. म्हणजे एखाद्या विहिरीचा आकडा कमी आला म्हणून तिथलं पाणी पिऊन पाहायचं नाही. वहीत विहीर कोणाची, तारीख, आदल्या दिवशी पाऊस होता का, पाणी किती खोल, हे दर वेळी लिहायला लावा, नाहीतर दिवाळीत नुसते आकडे राहतील आणि कशाचे ते आठवणार नाही. दोरीला डबा बांधून नमुना काढायचा, वाकायचं नाही. आणि पावसाळ्यात कठडा नसलेल्या विहिरीवर त्याला एकट्याला अजिबात पाठवू नका, ते दोघे मित्र सोबत असले तरी मोठं माणूस हवंच.

दर्यापूरकडची आशाताई

मोठं माणूस ठरलं. हे म्हणतात मी जातो, माझ्या विहिरीपासून सुरुवात करा.